चौथी फाईल कोणाची

प्रियदर्शनी तायडे माझ्या वरच्या खोलीत राहायला आली ती १२ जून २०१९ रोजी, बुधवारी. सोबत दोन बॅगा, एक सायकल आणि झाकणं उघडलेले चार जुने संगणक. मी जिन्यात उभी राहून सामान मोजत होते.

"स्वयंपाकाचं काही नाही का गं?" मी विचारलं.

"आहे न काकू. एक गंज आहे." तिने पातेलं वर करून दाखवलं. त्यात वायरी भरल्या होत्या.

ती मूळची अकोल्याची. वडील एसटीत कंडक्टर होते. ती इथे अमरावतीच्या एका कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. कॉलेज जे संगणक भंगारात काढतं ते ती अर्ज करून परत मागून घेते, दुरुस्त करते आणि त्यांवर लिनक्सची एक फुकट मिळणारी प्रणाली घालून पुन्हा मुलांपुढे ठेवते. हे झालं पगाराचं काम. दुसरं काम तिचं तिनेच लावून घेतलेलं. ते मला कळायला वर्ष गेलं, कारण रोज संध्याकाळी सात ते नऊ ही मुलगी वर काय खटखट करते हे विचारणं मला बरं वाटत नव्हतं.

शेवटी विचारलंच. ती म्हणाली, ही प्रणाली जगभरातले हजारेक लोक मिळून तयार करतात, त्यांतली ती एक.

"पगार किती देतात?"

"काहीच नाही, काकू."

"मग सुट्टी तरी?"

"तीही नाही."

"म्हणजे माझ्या संसारासारखंच आहे," मी म्हटलं, आणि तेव्हापासून आमची गट्टी जमली.

तिचं काम मला समजलं ते असं. कुठे तरी कोणी तरी एक प्रोग्रॅम लिहितो, किंवा अक्षरांचा नमुना करतो, किंवा शब्दांची यादी. तो जसा आहे तसा कोणाच्या संगणकात टाकला तर धड बसत नाही. म्हणून मध्ये एक माणूस लागतो. तो त्या वस्तूची नीट बांधाबांध करतो आणि तिचं 'पॅकेज' करतो. ते पॅकेज मग त्या माणसाच्या नावावर राहतं. बिघडलं तर तक्रार त्याच्याकडे, आणि तक्रारीला उत्तर द्यायलाच हवं. बरेच दिवस दिलं नाही, तर पॅकेज पोरकं समजून दुसऱ्या कोणाला देतात.

बांधणी कशी करायची याचं एक नियमपुस्तक आहे. प्रियदर्शनीने मला त्यातली पानं वाचून दाखवली आणि मी त्या पुस्तकाच्या प्रेमात पडले. कोणती फाईल कोणत्या कप्प्यात ठेवायची हे ठरलेलं. पॅकेजला आणखी कशाकशाची गरज आहे ते आधी सांगायचं, म्हणजे भाजी चढवल्यावर मीठ संपल्याचं कळायला नको. वापरणाऱ्याने स्वतःच्या सोयीने काही मांडणी बदलली असेल, तर नवी आवृत्ती आली म्हणून त्याला न विचारता ती मोडायची नाही.

"घरमालकांसाठी पण असा नियम पाहिजे," प्रियदर्शनी म्हणाली. मी त्याच आठवड्यात तिच्या खोलीतलं टेबल खिडकीपाशी सरकवलं होतं.

सगळ्यात मला आवडली ती बदलांची वही. पॅकेजमध्ये जे काही बदललं ते एका फाईलीत लिहायचं: काय बदललं, कोणी, कोणत्या तारखेला. मागच्या नोंदी तशाच राहू द्यायच्या. मी १९६१ सालापासून, म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये सातवीत होते तेव्हापासून, रोज डायरीत एवढंच करत आले आहे. ह्याला जगात नियम म्हणून मान आहे हे मला पंचाहत्तरीला कळलं.

आता मूळ गोष्ट.

कॉलेजातली मुलं संगणकावर मराठी लिहितात. नांदगाव खंडेश्वरकडची, वरुडकडची मुलं. ती 'सांभार' लिहितात, म्हणजे कोथिंबीर. 'सराटा' लिहितात, म्हणजे उलथनं. संगणकाला हे शब्द ठाऊक नसल्यामुळे तो प्रत्येकाखाली लाल नागमोडी रेघ ओढतो. एका मुलीने प्रियदर्शनीला विचारलं, "मॅडम, आमी घरी बोलतो ते समदं चूकच हाय काय?" ती रेघ मला चांगली परिचयाची होती. आमच्या सिस्टर निबंधात 'मले' दिसलं की त्याखाली लाल पेन्सिलीने अशीच रेघ ओढत, आणि समासात लिहीत: घरी जाऊन शुद्ध बोला. घरी जाऊन शुद्ध बोललं की आजी जेवायला वाढत नसे.

कॉलेजच्या वाचनालयाने टाकून दिलेल्या सामानात प्रियदर्शनीला एक सीडी मिळाली: 'वऱ्हाडी शब्दसंग्रह, अकोला, २००९'. साडेअकरा हजार शब्द, चार फाईली: शेत, गाव, छापखाना, घर. तिने आठ महिने खपून त्याचं पॅकेज केलं. ते प्रणालीत गेलं की जिथे जिथे ती प्रणाली आहे तिथली लाल रेघ जाणार. पण नवं काही आत घ्यायची मुदत होती ३१ जानेवारी २०२५. त्यानंतर दार बंद, ते दोन वर्षांनी उघडणार.

पॅकेज आत घेण्याआधी दुसरा एक स्वयंसेवक ते तपासतो. प्रियदर्शनीच्या वाट्याला आला तो लिस्बनचा. पोटापाण्याला दंतवैद्य. त्याचं पत्र १५ जानेवारीला आलं, अगदी सभ्य, आणि पॅकेज परत पाठवलं होतं. प्रियदर्शनी खाली येऊन माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली.

"दोन जागी खोट काढली त्यानं, काकू."

"दंतवैद्यच तो. कीड शोधणारच."

"हसू नका न. आठ महिने गेले माझे."

पहिली खोट अशी. सीडीवर मूळ माणसाने लिहिलं होतं, 'हा संग्रह कोणीही वापरा. विकू नये.' नियमपुस्तक म्हणतं, आत येणारी वस्तू कोणालाही वापरता, बदलता, वाटता आणि विकतासुद्धा आली पाहिजे. एवढी एक अट असली तरी दार बंद. दुसरी खोट: प्रत्येक फाईल कोणी आणि कोणत्या वर्षी केली ते लिहावं लागतं. पहिल्या तीन फाईलींच्या डोक्यावर 'खु. घो.' असं होतं. चौथीवर, 'घर' नावाच्या सगळ्यात मोठ्या फाईलीवर, काहीच नव्हतं.

"खु. घो. म्हणजे कोण?"

"खुशालराव घोगरे. दोनदा फोन केला मी. विमावाली समजून ठेवून दिला त्यांनी."

"जठारपेठेतले? छापखान्यात प्रूफं तपासायचे ते?"

"तुम्ही ओळखता?"

माझे यजमान भगवंतराव यांची बदली अकोल्याला होती तेव्हा, १९८८ ते १९९७, खुशालरावांच्या भिंतीला आमची भिंत होती. "शनिवारी जाऊ," मी म्हटलं. "तिळगूळ द्यायला म्हणून."

१८ जानेवारीला सकाळच्या एसटीने निघालो. बडनेरा सोडल्यापासून प्रियदर्शनी त्यांना काय सांगायचं ते पाठ करत पुटपुटत होती. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी तिच्या हातात आलूबोंडा ठेवला आणि सांगितलं, की ज्या माणसाने तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या त्याच्यापुढे पाठांतर करून गेलीस तर तो पहिल्याच वाक्यात अडवेल.

खुशालराव आता त्र्याऐंशीचे. ओट्यावर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते, हातात लाल पेन. चुकीच्या शब्दांभोवती गोल. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली, वर्तमानपत्राला त्याचा पत्ता नाही.

"लीलाबाई," मला पाहून ते म्हणाले. "जित्या हाय तुमी अजून."

"तुम्ही आहात म्हणून आहे. गोड बोला."

"आनि हे पोट्टी कोन?"

"मीच ती विमावाली," प्रियदर्शनी म्हणाली.

ते हसले आणि तिला बसायला मोडा दिला. तिने लॅपटॉप उघडून पत्र वाचून दाखवलं, मराठी करून. 'विकू नये'पाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"विकू नये म्हंजे विकू नये. त्या दातवाल्याले यात काय समजून नाई राहिलं?"

तिने समजावलं. सेमाडोहकडे एक आश्रमशाळा आहे, तिथे इंटरनेट धड चालत नाही. तिथले सर परतवाड्याच्या दुकानातून सगळी प्रणाली पेन ड्राइव्हवर भरून नेतात, दुकानदार भरून द्यायचे पैसे घेतो. काकांच्या अटीने तो दुकानदार गुन्हेगार ठरतो, आणि शाळेला शब्द मिळत नाहीत.

"पैसे घेते ना? मंग हायेच गुन्हेगार."

मी मध्ये पडले. म्हटलं, विरजणाचं बघा. आपण शेजारणीला विरजण देतो. तिने त्याचं दही लावावं, खावं, वाटलं तर विकावं. उद्या कोणी मागितलं तर तिनेही द्यावं, एवढंच.

"दह्याचं मले सांगू नका, लीलाबाई. तुमचं विरजन नऊ वर्स येत होतं आमच्या घरी. दही एक डाव लागलं नाई."

प्रियदर्शनीने मात्र लॅपटॉप मिटून मांडीवर ठेवला आणि साधंच विचारलं, "काका, ही अट का घातली होती तुम्ही?"

ते थोडा वेळ वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. मग म्हणाले, सीडीच्या आधी, २००६ साली, त्यांनी संग्रहाच्या पहिल्या भागाच्या शंभर छापील प्रती काढून फुकट वाटल्या होत्या. पुढल्या वर्षी एका दुकानात तेच पुस्तक दिसलं. आतली पानं तीच, वर कव्हर नवं, आणि कव्हरवर नाव भलत्याच माणसाचं.

"केवढ्याले विकत होता ते सोड. त्याचं मले काई नाई. जिंदगीभर म्या दुसऱ्याईच्या पुस्तकातल्या चुका काढल्या. माझं नाव कोन्याच पुस्तकावर नाई, आनि ते पायजे बी नव्हतं. हे एकच होतं माझं. त्याच्यावरचं बी नाव खोडलं त्यानं."

"म्हणजे तुम्हाला विकण्याचा राग नाही."

"मंग कायचा हाय?"

"नाव खोडण्याचा." तिने पुन्हा लॅपटॉप उघडला. "'विकू नये' ही अट चालत नाही, काका. पण 'नाव काढू नये' ही चालते. नुसती चालते असं नाही, नाव ठेवलं नाही तर पॅकेजच आत घेत नाहीत. तुम्ही चुकीचं वाक्य छापलं."

चुकीचं छापलं, असं खुशालरावांना कोणी सांगितल्याचं मी पूर्वी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला. तिने आणलेला परवानगीचा कागद तीनदा वाचला, लाल पेनाने त्यात एक स्वल्पविराम घातला आणि सही केली. 'कोणीही वापरा, बदला, वाटा, विका. करणाऱ्याचं नाव काढू नका.'

"झालं?" ते म्हणाले.

"एकच राहिलं. चौथी फाईल. घर. ही कोणी केली?"

"माझीच समज."

"समजून नाही चालत. त्या तिघींवर तुमची अक्षरं आहेत, हिच्यावर का नाहीत?"

तिने ती फाईल पडद्यावर आणली आणि मी वाकून पाहिलं. सराटा, गंज, येसर नावाचा मसाला, फोडणीच्या आवाजाला एक शब्द, पोळी फुगली नाही तर तिला एक शब्द, सासरी पहिल्यांदा रडणाऱ्या मुलीला एक. मला निळ्या पुठ्ठ्याची एक वही आठवली. खुशालरावांची बायको माणिकबाई दुपारी माझ्या मागच्या दारी येत, कानावर पेन्सिल खोचून, आणि विचारत, तुमच्याकडे याले काय म्हनते. मी तोंड उघडलं नाही. ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता.

"लिही ना व माझंच नाव," खुशालराव म्हणाले. "कोन पाहाले येते अकोल्याले?"

"कोणीच येणार नाही. म्हणून तर खरं लिहावं लागते."

"तो दातवाला येनार हाय काय?"

"नाही, काका. तो माझ्या शब्दावर दार उघडतो."

खुशालराव उठले. "मंग राहू दे ते फाईल," असं म्हणून आत गेले.

त्यांची सून आरती चहा घेऊन आली. सासऱ्यांची खुर्ची रिकामी बघून हळूच म्हणाली, "आईचं निघालं काय कायी? मंग असेच उठून जाते ते." आणि कप ठेवून गेली.

प्रियदर्शनीचा चहा निवत होता. दंतवैद्य सोमवारी सकाळी बघणार होता, त्यानंतर मुदत संपेपर्यंत त्याला वेळ नव्हता. चौथी फाईल वगळली तर पॅकेज आत जाईल, पण ज्या शब्दांसाठी तिने ते हाती घेतलं तेच सगळे बाहेर राहतील. खोटं नाव लिहिलं तर सगळंच आत जाईल. "दोन अक्षरं टाकायची आहेत, काकू," ती म्हणाली. तिने फाईलींच्या यादीतून 'घर' वगळलं, आणि मग लॅपटॉपच्या कडेवर दोन्ही मनगटं टेकवून बसून राहिली.

आतून ट्रंक सरकवल्याचा आवाज आला. खुशालराव बाहेर आले ते निळी वही घेऊन. पुठ्ठ्याचा रंग उडाला होता. त्यांनी ती तिच्या मांडीवर ठेवली.

"हे तिचं अक्षर. म्या निस्तं टाइप केलं." ते खुर्चीत बसले. "पहिल्या तिघीवर अक्षरं टाकली. हिच्यावर टाकाले हात नाई उचलला. तिचंही टाकलं नाई. कव्हरवर जागा होती. दोन नावं मावली असती."

प्रियदर्शनीने वही उघडली.

"तवा ते जिती होती," ते म्हणाले. "सीडी दाखवली म्या तिले. उलटीसुलटी करून पाहिली न् म्हने, बरी झाली. आनि त्या नाव खोडनाऱ्याले मी आजवर शिव्या देऊन राहिलो."

प्रियदर्शनीने 'घर' पुन्हा यादीत घेतलं. मग, जणू दुसरं काही झालंच नाही अशा आवाजात, तिने पुढचा प्रश्न विचारला, आणि मला वाटतं खुशालरावांना त्याक्षणी तोच आवाज हवा होता. "पूर्ण नाव सांगा, काका."

"माणिकबाई खुशालराव घोगरे."

"वारस म्हणून तुमची सही लागेल. आणि मुलाची."

मुलगा श्याम कामावर होता. त्याला फोन लावून आरतीने सगळं सांगितलं. त्याचं उत्तर आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "आईचं नाव लावून राहिले ना? मंग मले काय विचारता? येतो न् करतो सही." तो तासाभरात आला आणि उभ्याउभ्या सही करून, तिळगुळाचे दोन लाडू घेऊन परत गेला.

"आता वर्ष," प्रियदर्शनी म्हणाली. "वही कधी लिहिली?"

हे मात्र खुशालरावांना सांगता येईना. वहीवर तारीख नव्हती. नव्वदच्या आसपास, ते म्हणाले. पण 'आसपास' चालत नाही.

ते काम मी घरी परतल्यावर केलं. संध्याकाळी कपाटातून डायऱ्या काढल्या. पहिली नोंद ३ मार्च १९९१ची निघाली: 'माणिकबाई मागच्या दारी आल्या. भाकरी उलटायच्या वस्तूला काय म्हणता, विचारलं. मी उलथनं म्हटलं. म्हणाल्या, मंग भाकर उलटते का उताणी पडते तुमची.' शेवटची १९९६च्या दिवाळीतली. मधल्या सव्वीस नोंदी प्रियदर्शनीने एकेक करून वाचल्या. हवी ती वर्षं पहिल्या आणि शेवटच्या नोंदीतच मिळाली होती, तरी वाचत बसली.

रविवारी दुपारी तिने सगळं पुन्हा पाठवलं. सोमवारी दंतवैद्याने एकच प्रश्न विचारला: दोन घोगरे आहेत, ते एकच माणूस तर नव्हेत? तिने उत्तर दिलं, नाही, नवरा-बायको, आणि चौथी फाईल बायकोची. शनिवारी, २५ तारखेला, पॅकेज आत घेतल्याचं प्रणालीकडून पत्र आलं.

ती लॅपटॉप घेऊन खाली आली. मी चष्मा लावला आणि स्वतःच्या हाताने टाइप केलं: सराटा. रेघ आली नाही. सांभार. नाही आली. मग 'मले' लिहिलं. त्याखालीही नाही. सिस्टर असत्या तर त्यांना दाखवलं असतं.

खुशालरावांना तिने फोन लावला. आता ते विमावाली समजून फोन ठेवत नाहीत.

"काका, आत गेलं."

"नावं कशी लावली?"

"ज्यांचे शब्द जास्त, त्यांचं आधी. माणिकबाई घोगरे, १९९१ ते १९९६. खाली तुमचं."

"बराबर हाय. ऐक. तक्रार करायची असन तं कोनापाशी कराची?"

"माझ्यापाशीच. काय झालं?"

"वही पुन्यानं वाचली. सीडीच्या टाइमले मी तिचे बारा शब्द गाळले होते. छापाले बरे नाई दिसत म्हनून. ते वापस घे."

"मुदत ३१ला आहे, काका. लवकर सांगा."

"आताच सांगतो. लिहून घे. बह्याड. भैताड. उंडगी." मागे आरती हसायला लागली होती. "हासू नको व आरते, तुलेच म्हने ते. लिहिलं काय? पुढचा..."

प्रियदर्शनी गंभीर चेहऱ्याने बाराच्या बारा शिव्या टाइप करत गेली, एखादी नीट ऐकू आली नाही तर पुन्हा म्हणायला लावत. शेवटी तिने बदलांच्या वहीत तारीख घालून नोंद केली: माणिकबाईंचे गाळलेले बारा शब्द परत घेतले; तक्रार, खुशालराव घोगरे, अकोला.

त्या बारांतला एक शब्द माणिकबाईंनी १९९४ साली, आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर वाळत घातलेल्या माझ्या गादीवरून, मला उद्देशून वापरला होता. तारीख माझ्याकडे आहे. प्रियदर्शनीला मी ती अजून सांगितलेली नाही, नाहीतर ती तीही नोंदवील.